जेटमधला कचरा : अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राचा इतिहास

१/
ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मानहाइम शहरातून बेर्था बेंझ ही स्त्री दोन मुलांना सोबत घेऊन, पतीला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत इंधनाचा मार्ग तुंबला. बेर्थाने टोपीची पिन काढून तो मोकळा केला. इंधन संपत आले तेव्हा वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले आणि प्रवास पुरा केला.

२/
मोटारीच्या इतिहासात हा पहिला दूरचा प्रवास म्हणून गौरवला जातो. टोपीची पिन मात्र गमतीचा तपशील म्हणून उरते. वास्तविक तो गमतीचा तपशील नाही. इंधनावर चालणारे वाहन आणि त्याचे तुंबणे ही जुळी भावंडे आहेत. एकाचा इतिहास विपुल लिहिला गेला, दुसऱ्याचा जवळजवळ नाहीच. हा धागा त्या दुसऱ्या भावंडाविषयी आहे : मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधील जेट तुंबते तेव्हा त्यात नेमके काय अडकलेले असते?

३/
प्रथम यंत्र समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात नीट जळावे यासाठी ते हवेत मिसळावे लागते : वजनाने १ भाग पेट्रोल आणि साधारण १५ भाग हवा. आरंभीच्या इंजिनांत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेली जाई आणि ती वाफ घेऊन आत शिरे. १८९३ मध्ये चित्र पालटले. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनी हवेच्या झोतात पेट्रोलचा फवारा सोडणारे कार्ब्युरेटर पुढे आणले. पहिला मान कोणाचा, यावर आजही दोन मते आहेत.

४/
या फवाऱ्यामागचे तत्त्व त्याहून जुने. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद नळीतून जाणाऱ्या प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवाह अरुंद गळ्यातून जाताना त्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवेचा दाब असा घटला, की खालच्या वाटीत साठलेले पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. किती खेचले जावे, हे ठरवतो पितळेचा एक छोटा स्क्रू. त्याच्या मधोमध आरपार छिद्र असते. हेच जेट.

५/
साध्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये मुख्यतः दोन जेट असतात. गाडी उभ्या उभ्या चालू राहावी यासाठी पायलट जेट, ज्याला गॅरेजमध्ये स्लो जेट म्हणतात. आणि भरधाव वेगासाठी मेन जेट. त्यांच्यावर आकडा कोरलेला असतो. काही बनावटींत तो छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. ब्रिटिश अमल कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर मात्र मिनिटाला किती घन सेंटिमीटर इंधन वाहते, तो आकडा असे. स्लो जेटचे छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान.

६/
म्हणूनच तुंबते ते बहुधा स्लो जेट आधी. लक्षणे ठरलेली. गाडी चोक ओढल्यावर सुरू होते, चोक सोडताच मरते. स्लोवर थांबत नाही. सिग्नलला रेस देत बसावे लागते. मेन जेट तुंबले तर उलटे : गल्लीत गाडी ठीक चालते, मोठ्या रस्त्यावर अर्ध्याहून अधिक रेस दिली की गुदमरते. कोणत्या रेसला गाडी अडते, यावरून कोणता मार्ग बंद आहे हे कार्ब्युरेटर न उघडताही ओळखता येते. रोगाचे निदान नाडीवरून करावे, तसे.

७/
आता मूळ प्रश्न. अडकते ते काय? गाडी बराच काळ उभी राहिली की वाटीतले पेट्रोल हळूहळू उडून जाते. पण पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. ते शेकडो संयुगांचे मिश्रण आहे. हलकी संयुगे आधी उडतात, जड मागे राहतात. त्यांतल्या काहींचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो, रेणू एकमेकांना चिकटतात आणि डिंकासारखा तपकिरी थर तयार होतो. तांब्याच्या सान्निध्यात ही क्रिया अधिक वेगाने होते; आणि पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू.

८/
या डिंकालाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी वाढल्या, पेट्रोल अपुरे पडू लागले. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम बर्टन यांना जड तेलाचे मोठे रेणू उष्णता आणि दाब यांनी तोडून पेट्रोल मिळवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. या क्रॅकिंगमुळे त्याच खनिज तेलातून कितीतरी अधिक पेट्रोल निघू लागले. परंतु अशा पेट्रोलमध्ये चटकन डिंक धरणारी संयुगे अधिक असत. ती रोखण्यासाठी पुढे पेट्रोलमध्ये प्रतिबंधक रसायने मिसळावी लागली. जेटमधला तपकिरी थर हा म्हणजे वाढत्या मागणीचा एक उपपरिणाम.

९/
आता भारतात येऊ. १९५४-५५ मध्ये मुंबईच्या तुर्भे-माहुल किनाऱ्यावर दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. १९६० च्या दशकारंभी म्हैसूरला जावा मोटारसायकली बनू लागल्या. परवाना पद्धतीचा तो काळ. नवे वाहन नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा काळात गाडी टाकून देणे हा पर्यायच नव्हता. एक गाडी दोन पिढ्या चालवायची, तर तिला दोन पिढ्या दुरुस्तही करावे लागे. गल्लीतला मिस्त्री या गरजेतून घडला.

१०/
या मिस्त्रीकडे छापील पुस्तक नव्हते. असले तरी इंग्रजीत. त्याचे शास्त्र हातात होते. एकच उदाहरण पाहू. जेटमध्ये पोलादी सुई घालायची नाही, हा कोणत्याही चांगल्या गॅरेजचा पहिला धडा. पोलाद पितळेहून कठीण. छिद्र कोरले जाते. ०.४० मिलिमीटरचे छिद्र ०.४४ झाले तर डोळ्याला फरक दिसणार नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे छिद्राचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढले. गाडी मग जन्मभर जास्त पेट्रोल पिते आणि कारण कोणालाच सापडत नाही.

११/
मिस्त्री काय करी? विजेच्या जुन्या वायरीतला तांब्याचा एकच केस सोडवून घेई. तांबे पितळेहून मऊ, त्यामुळे झिजली तर तार झिजते, जेट नाही. आधी जेट थिनरमध्ये भिजत ठेवायचे, मग तार अलगद फिरवायची, शेवटी हवा मारायची. धातूंच्या कठीणपणाचे कोष्टक त्याने पाहिलेले नसे. त्याच्या उस्तादाने एकदा हातावर चापट मारून सुई काढून घेतलेली असे, एवढेच.

१२/
कचरा काळानुसार बदलत गेला. शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल सरकारी अनुदानामुळे स्वस्त, पेट्रोल महाग. या दोन दरांच्या फटीत भेसळीचा धंदा फोफावला. रॉकेल पेट्रोलहून जड. ते पूर्ण उडत नाही, पूर्ण जळत नाही. प्लग काळा पडतो, इंजिन ठोकते. मिस्त्री वाटीतले दोन थेंब तळहातावर घेई. पेट्रोल असेल तर गार लागून क्षणात उडे. मागे तेलकट ओल राहिली तर तो मान हलवून ‘पंप बदला’ म्हणे. पेट्रोल पंपावर गाळणकागदावर थेंब टाकून घेतली जाणारी चाचणी याच तत्त्वावर चालते.

१३/
ही भेसळ केवळ प्लग काळा करून थांबली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाची भेसळ उघडकीस आणताना जिवंत जाळण्यात आले. गॅरेजमध्ये ज्याला सहजपणे ‘कचरा’ म्हटले जाते, त्याची साखळी टँकर, ढाबा आणि गोदाम यांतून कुठवर जाते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. जेटचा इतिहास लिहायचा तर हे पान वगळता येणार नाही.

१४/
तिसरा थर उसाचा. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. १९४८ मध्येच भारतात पॉवर अल्कोहोलविषयी कायदा झाला होता. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे अशा कारखान्यांचे राज्यभर जाळे पसरले. साखरेमागोमाग मळी आली, मळीमागोमाग इथेनॉल. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना आली. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल बाजारात आले.

१५/
इथेनॉलमुळे तेलाची आयात कमी होते, उसाला आणखी एक बाजार मिळतो. पण त्याचा एक स्वभाव कार्ब्युरेटरच्या मुळावर येतो : ते पाणी ओढते. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी उभी राहिली, तर दमट हवेतले पाणी पेट्रोलमध्ये उतरते. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात. शिवाय इथेनॉल हे चांगले द्रावक आहे; टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे बसलेला मळ ते सोडवते आणि तो मळ खाली जेटकडे येतो. जुन्या गाडीत नवे इंधन, हा दोन काळांचा संघर्षच.

१६/
म्हणजे दशक बदलले तसा त्याच छिद्रातला कचराही बदलला : कधी क्रॅकिंगचा डिंक, कधी रॉकेलची ओल, कधी टाकीचा गंज, कधी पाणी. प्रत्येक थर आपापल्या काळाच्या धोरणाची, दरांची, टंचाईची खूण. आणि मग एक वर्ष असे आले, की देशातली बहुतेक वाहने एकाच आठवड्यात जागच्या जागी उभी राहिली.

१७/
२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पुण्यातल्या एका वाड्यात वडिलांच्या माघारी राहिलेली शंभर सीसीची जुनी मोटारसायकल जिन्याखाली उभी होती. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यानंतर मुलगीच ती गाडी चालवत असे. जूनमध्ये तिने किक मारली, चोक ओढला, गाडी सुरू झाली. चोक सोडताच विझली. दहादा तेच. अखेर ढकलत ती पेठेतल्या बोळातल्या गॅरेजमध्ये गेली. तिथले मिस्त्री वीस वर्षे ती गाडी पाहत आलेले.

१८/
“किती दिवस उभी होती, ताई?”
“मार्चपासून, काका.”
“कॉक बंद केला होता?”
ती गप्प राहिली. पेट्रोलचा कॉक बंद करायचा असतो, हेच तिला ठाऊक नव्हते. मिस्त्रींनी वाटी उघडून तिच्यापुढे धरली. तळाशी मधासारखा चिकट तपकिरी थर, कडेला हिरवट पूड. वास पेट्रोलचा नव्हे, जुन्या व्हार्निशचा. “पेट्रोल उडून गेलं. हे मागं राहिलेलं.” स्लो जेट काढून त्यांनी दाराच्या उजेडाकडे धरले. पलीकडचा उजेड दिसत नव्हता.

१९/
जेट थिनरमध्ये भिजत असताना मिस्त्री म्हणाले, “तुमचे वडील गावाला जायच्या आदल्या दिवशी शेवटच्या सिग्नललाच कॉक फिरवायचे. घरापर्यंत वाटी रिकामी.” तेव्हा तिला आठवले. मे महिन्यात सगळे गावी निघायचे, त्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी वाड्याच्या दारात येऊन दोन आचके देई आणि बंद पडे. दर वर्षी. आई म्हणायची, आपण गावाला निघालो की गाडी रुसते. घरात तो विनोद झाला होता. वडीलही हसत. त्यांनी कधी काही समजावून सांगितले नाही. कदाचित सांगण्यासारखे काही आहे, असे त्यांना वाटलेच नसेल.

२०/
त्या विनोदामागचे गणित मात्र काटेकोर होते. वाटीत पंचवीस मिलिलिटर पेट्रोल धरले आणि गाडी लिटरला साठ किलोमीटर चालते असे मानले, तर कॉक बंद केल्यानंतर ती साधारण दीड किलोमीटर जाईल. शेवटच्या सिग्नलपासून वाड्यापर्यंतचे अंतर तेवढेच भरते. कुठे कॉक फिरवला म्हणजे गाडी नेमकी दारात थांबेल, हे वडिलांनी कागदावर मांडले नसेल. दोन-तीन वेळा चुकून, एखाद्या वेळी गाडी ढकलून शोधले असेल. ते ज्ञान त्यांच्या मनगटात होते. मनगटाबरोबर गेले. त्याची एकमेव प्रत बोळातल्या मिस्त्रींजवळ उरली होती.

२१/
त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली होती, जी टाळेबंदीच्या गदारोळात फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. ती पाळण्यासाठी, मोजके अपवाद सोडता, नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला आणि संगणकाच्या आज्ञेने चालणारे फ्युएल इंजेक्शन आले. उभ्या गाड्यांचे कार्ब्युरेटर तुंबत होते, नेमक्या त्याच दिवसांत कार्ब्युरेटरचे युगही मावळत होते.

२२/
यावर गळा काढण्याचे कारण नाही. कार्ब्युरेटर हवेत अधिक विष सोडत असे. शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांपेक्षा कोणतेही जुने यंत्र मोठे नाही. इंजेक्टरही तुंबतो, पण त्याचे निदान स्कॅनर करतो आणि सफाई वेगळ्या यंत्रावर होते. प्रश्न यंत्राचा नाही. यंत्र संग्रहालयात राहील, त्याचे चित्र पुस्तकात राहील. त्याच्याभोवती सत्तर वर्षांत जमलेले हातांचे ज्ञान कुठे राहणार, हा प्रश्न आहे.

२३/
ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात एक आग्रह मांडला : तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा नसावा, वापराचा आणि देखभालीचाही असावा. हा आग्रह मराठी वाचकाला परका वाटू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले ते राजांच्या शोधात नव्हे, दप्तरांच्या शोधात. वाळवीने आणि अनास्थेने नष्ट होत चाललेले कागद त्यांनी वाचवले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. कोणाच्या माळ्यावर पडलेले पत्रही साधन असते, ही दृष्टी तिथून रुजली.

२४/
फरक एवढाच, की ते कागद वाट पाहू शकत होते. बखर शंभर वर्षे पेटीत पडून राहते. मिस्त्री राहत नाही. परवाना काळात गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून शिरलेला माणूस आज साठी-सत्तरीत आहे. त्याच्या हाताखाली शिकायला मूल येत नाही, कारण शिकण्यासारखी गाडीच आता रस्त्यावर कमी. त्याने पाहिलेल्या हजारो वाट्यांत रॉकेलच्या भेसळीचा, टाक्यांच्या गंजाचा, इथेनॉलच्या आगमनाचा असा वृत्तांत आहे, जो सरकारी अहवालांत त्या रूपात सापडणार नाही. अहवाल टक्केवारी सांगतो. वाटी सांगते त्या टक्केवारीने कोणाच्या गाडीचे काय झाले.

२५/
म्हणून, वाचकहो, हा धागा जतन करण्यापेक्षा एक काम करावे. आपल्या गावातल्या वा पेठेतल्या जुन्या गॅरेजमध्ये जावे, मिस्त्रींना मोकळा वेळ असेल तेव्हा. त्यांची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करावे. विचारावे : जेट कशाने साफ करायला शिकलात आणि कोणाकडून? वाटीत सापडणारा कचरा कोणत्या काळात बदलला? भेसळ कशी ओळखत होता? कोणते हत्यार स्वतः घडवले? उत्तरातले शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, त्यांचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. तारीख आणि ठिकाण लिहावे. एवढे केले तरी ते इतिहासाचे साधन होते.

२६/
आणि घरात कार्ब्युरेटरची गाडी असेल, ती महिनाभर उभी राहणार असेल, तर निघण्यापूर्वी कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. मात्र हे करताना घरातल्या धाकट्यांना जवळ बोलवावे आणि कारण सांगावे.

#इतिहास #धागा